तोंडपाठ आणि वहीतली चिठ्ठी

त्यांचे पूर्ण नाव केवळ ओळखपत्रावर होते. न्यायालयाच्या आवारात ते ‘तोंडपाठ’ म्हणूनच परिचित होते. आयुष्य एकोणऐंशी वर्षांचे, त्यांपैकी एकतीस न्यायालयीन वार्ताहर म्हणून, खिडकीकडील एकाच खुर्चीवर गेली.

टिपणे ते नेटकेपणाने काढीत. मात्र संध्याकाळी कचेरीला दूरध्वनीवरून बातमी सांगताना वही उघडीत नसत. स्वल्पविरामासह सगळे मुखोद्गत! या कौशल्याचा त्यांना थोडा ताठाही होता.

एके दिवशी एका बाईंची साक्ष चालू असताना पत्नीच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल दूरध्वनीवरून विचारण्यासाठी ते पाच मिनिटे बाहेर गेले. जागा अडवायला वही खुर्चीवर ठेवली होती. परतले तेव्हा न्यायाधीश उठत होते. वही बगलेत मारून ते निघाले आणि नेहमीप्रमाणे बातमी घडाघडा सांगून मोकळे झाले. साक्ष देणाऱ्या बाईंचे नावही त्यात आले.

सकाळी वर्तमानपत्र घरोघर पोचल्यावर त्यांनी वही उघडली. आत पट्टेवाल्याच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती : ‘बाईंचं नाव छापायचं नाही. साहेबांचा हुकूम.’ बाहेर गेलेल्या वार्ताहरांसाठी अशी चिठ्ठी ठेवणे हा पट्टेवाल्याचा जुना रिवाज होता.

चार दिवसांत न्यायालयाच्या अवमानाची नोटीस आली.

“चिठ्ठी फाडा,” वर्तमानपत्राचे वकील म्हणाले. “तुम्ही दालनात नव्हता, हुकूम कानावर आला नाही. सुटलात!”

“आणि पट्टेवाल्याला विचारलं तर?”

“तो म्हणेल ठेवली, तुम्ही म्हणा मिळाली नाही. काका, तुमची खुर्ची वाचवायची की त्याची?”

घरी पत्नीने ऐकून घेतले. “एकतीस वर्षं जगाचं खोटं टिपलंत. आता स्वतःचं कुणाकडून टिपून घेणार?”

“माझं प्रवेशपत्र जाईल गं.”

“जाऊ दे. निदान दुपारी जेवायला तरी घरी याल.”

त्यांना हसू आले. चिठ्ठी त्यांनी पुन्हा वहीत ठेवली.

सुनावणीत त्यांनी चिठ्ठी पुढे ठेवली. “हुकूम माझ्या वहीत होता. मी वही उघडली नाही.” दाराशी उभ्या पट्टेवाल्याने मान खाली घातली.

न्यायालयाने त्यांची बिनशर्त माफी स्वीकारली. प्रवेशपत्र वर्षभरासाठी काढून घेतले. ते वर्ष संपण्यापूर्वीच त्यांची सेवानिवृत्ती आली. खिडकीकडील खुर्चीवर ते पुन्हा बसले नाहीत. पट्टेवाला मात्र दर रविवारी घरी येई, आणि दोघे जुन्या खटल्यांच्या गोष्टींत रमत.

एक गोष्ट राहून गेली. बाईंची माफी मागण्यासाठी त्यांनी पत्र लिहिले होते. परंतु खटला चालू असताना साक्षीदाराला गाठणे हा नवा गुन्हा ठरेल, म्हणून वकिलांनी थांबवले. खटला निकाली निघाला तेव्हा ते पत्र घेऊन बाईंच्या घरी गेले. दाराला कुलूप होते. नाव छापून आल्यावर महिन्याभरातच बाईंनी घर सोडल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले.

ते पत्र त्यांच्या पश्चात वहीत सापडले, चिठ्ठी जिथे होती त्याच पानात.