आई आजारी आहे, निघून ये

आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये मी एका चिनी मुलीबरोबर घर वाटून राहत होते. ती औषधांच्या कंपनीत, मी सॉफ्टवेअरमध्ये. माझ्या फोडणीने तिला ठसका लागायचा, तिच्या सूपच्या वासाला मी नाक मुरडायचे, पण आमचं कधी वाजलं नाही.

दर रविवारी सकाळी तिच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल यायचा. आई मध्येच डोकं घालून काय जेवलीस ते विचारायची. परदेशी गेलेल्या मुलांना फक्त चांगलं तेवढंच कळवायचं, अशी त्या घरात रीत होती, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तिकडे घरोघरी तीच. आजोबा गेल्याचं तिला परीक्षा संपल्यावर कळलं. आईचं ऑपरेशन टाके सुकल्यावर. "आमच्याकडेही लपवतात, फक्त माझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही," असं मी तिला सांगितलं होतं.

त्या हिवाळ्यात तिच्या देशातली काही मुलं कॉर्कच्या भर बाजारात, तिकडच्या सरकारच्या निषेधाला कोरे कागद धरून उभी राहिली. तिकडे काही लिहिलं की गुन्हा, म्हणून कोरे. तीही टोपी ओढून, मास्क लावून त्यांच्यात होती. समोरच्या फूटपाथवरून एक माणूस एकेकाचा फोटो काढत होता. "चिनीच होता, पण आमच्यातला नव्हता," घरी आल्यावर ती म्हणाली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुढच्या आठवड्यात फोन आला तो भलत्याच दिवशी, कामाच्या वेळेत. आम्ही दोघी घरूनच काम करत होतो. वडील नेहमीच्या सोफ्याऐवजी जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "आई आजारी आहे, लगेच निघून ये, म्हणतायत." मी ताबडतोब लॅपटॉप ओढून तिकिटं बघू लागले. आमच्यात असा निरोप आला की माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी निघतो.

तिने माझा लॅपटॉप मिटला.

"ती खरंच आजारी असती तर त्यांनी मला सांगितलं नसतं. त्यांच्या शेजारी कुणीतरी बसलंय, बोलताना सारखे तिकडे बघत होते. ते मला येऊ नकोस म्हणतायत."

मी उठून बाहेरच्या दाराला कडी घातली. भर दुपारी, कॉर्कमध्ये, कुणाच्या भीतीने ते मलाही सांगता आलं नसतं.

मग हेच सुरू झालं. आई आजारी आहे, ये. रजा मिळत नाही, ही म्हणायची. बाप खोटं बोलायचा, लेक खोटं बोलायची, आणि ऐकणारा तिसरा कधी दिसायचा नाही. आईही दिसेनाशी झाली होती. त्याबद्दल मी विचारलं की ही भांडी घासायला उठायची.

वसंतातल्या एका रविवारी मात्र फोन नेहमीच्या वेळी आला. वडील सोफ्यावर होते. आई एकदम छान आहे, चांगलं जेवते, रोज फिरायला जाते, तू यायची मुळीच घाई करू नकोस. तिने हे मला सांगितल्यावर मला इतकं हायसं वाटलं की मी चहाच टाकला.

"सुटलीस बाई," मी म्हणाले.

ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती. "आता ती खरंच आजारी आहे," ती म्हणाली.

गेली तर परत येऊ देतील की नाही, ठाऊक नव्हतं. तरी तिने त्याच संध्याकाळी तिकीट काढलं. मी तिला विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला गेले. थांब म्हणवत नव्हतं, जा तर मुळीच म्हणवत नव्हतं. "पोचलीस की कळव," एवढंच म्हणाले.

बरेच दिवस काही नाही. मग ऑफिसात असताना तिचा मेसेज आला. आई बरी आहे, मी मजेत आहे, तू अजिबात काळजी करू नकोस.

मी तो वाचला आणि सगळ्यांसमोर रडायला लागले.