बकरीमार्फत

माझा राग नाकावर असतो हे मी स्वतःच आधी सांगून टाकते, म्हणजे इतरांचे कष्ट वाचतात. जळगावची नोकरी संपल्यावर मी शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी राहायला आले आणि अंगणात भरताची वांगी लावली. अंगणाला कंबरेएवढं तारेचं कुंपण, पलीकडे गावाचा रस्ता. त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माझ्या वांग्यांबद्दल काहीतरी मत असायचंच. गल्लीतले आबा सकाळी दूध घेऊन जाताना काठी टेकून थांबायचे आणि विचारायचे, "काय म्हनतस वांगा?" वांगी बरी आहेत असं मी सांगितलं की त्यांचं समाधान व्हायचं.

खऱ्या गप्पा मात्र अक्काशी. अक्का मागच्या गल्लीतली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, घरात एकटी, मुलगा सुरतेला. रोज सकाळी बकरी चारायला निघाली की कुंपणापाशी आमचा अर्धा तास सहज जायचा. मी मातीत हात घालून बसलेली, ती तारेला टेकून उभी, आणि गावातल्या एकाही सुनेची त्यातून सुटका नाही. बकरी तेवढ्यात कुंपणालगतची माझी मेंदी खाऊन घ्यायची. आम्हा दोघींनाही ते दिसायचं, पण गप्पा सोडून तिला हाकलणार कोण?

श्रावणात मला आठ दिवस जळगावला जावं लागलं. पावसाने दडी मारली होती. निघताना अक्काला म्हटलं, "जरा झाडांकडे लक्ष ठेव." एक गोष्ट सांगायची मात्र विसरले. जळगावहून मी ठिबकच्या नळ्या आणून टाकीला जोडल्या होत्या आणि त्याला घड्याळही लावलं होतं, त्यामुळे पाणी रोज आपोआप सुटायचं. अक्काने लक्ष ठेवलं. रोज हापशीवरून दोन घागरी डोक्यावर आणून माझ्या बारा रोपांना घातल्या. खालून ठिबक, वरून अक्का! मी परत आले तेव्हा अंगणात नुसता चिखल होता आणि रोपं मुळापासून सडली होती.

नेमकी त्याच वेळी अक्का फाटकातून आत येत होती, डोक्यावर भरलेली घागर. आणि मी, साठी उलटलेली बाई, भर गल्लीत ओरडले, "तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?" आबा होते, दूधवाला होता, समोरच्या दोन्ही सुना ओट्यावर होत्या. अक्काने घागर रस्त्यावर ओतली आणि ती निघून गेली.

चूक माझी होती हे मला चहा पिईपर्यंत कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि जाऊन सांगणं वेगळं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत अबोला धरला गेला. मला वाटलं, आता ही दुसऱ्या रस्त्याने जाईल. छे! दुसऱ्याच सकाळी हजर. मी नवी रोपं लावत होते. ती नेहमीच्या जागी थांबली, माझ्याकडे न बघता बकरीच्या पाठीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दख वं माय, परत वांगा लायात. आते तरी पानी बेतानं घाला म्हना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीही मान वर न करता रोपांना म्हटलं, "ऐकलंत का रे? लोकांना दुसऱ्याच्या अंगणात नाक खुपसायची भारी हौस असते."

झालं, तेव्हापासून हेच सुरू. ती बकरीशी बोलायची, मी वांग्यांशी. "शेंडाले अळी पडनी, खुडी फेका म्हना," असं ती बकरीला सांगायची. ती वळणापलीकडे गेली की मी मुकाट्याने शेंडे खुडायचे. दुसऱ्या दिवशी ती बकरीला म्हणायची, "आयकं बरं कोनीतरी!" कधी पानांवर माव्याची कीड पडली म्हणून राख टाकायला सांगायची. मी वांग्यांना म्हणायचे की राख काय, आम्हालाही कळतं. आणि ती गेल्यावर चुलीची राख मागायला शेजारी धावायचे. खरं सांगायचं तर त्या वर्षी वांगी जी धरली ती बकरीच्या कृपेने. आबा हे सगळं बघायचे आणि मान हलवायचे. "तुमना दोन्हीसपेक्षा बकरी शहानी शे," असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

मला या खेळाची गंमत वाटायला लागली होती, हे कबूल करते. सकाळी तिची चाहूल लागली की मी आधीच टोमणा तयार ठेवायचे. माफी मागायची राहिलीय हे आत कुठेतरी टोचायचं, पण अक्का कुठे जाणार आहे, असं म्हणून मी ते ढकलत राहिले.

दिवाळीच्या तोंडावर आबा थांबले ते वांग्यांची चौकशी न करताच म्हणाले, "अक्का उद्या सुरतले जाई रायनी. कायमनी. बकरी मनाकडे ठेवी जाई." बकरीसुद्धा आबांकडे ठेवून! माझ्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. त्या रात्री मी मनात दहा वेळा वाक्यं जुळवली आणि दहाही वेळा ती मोडली.

सकाळी अक्का आली. एकटीच. कुंपणापाशी उभी राहिली, सवयीने हात खाली गेला, पण तिथे पाठ नव्हती. मी वांग्यांकडे बघितलं. आज त्यांना काय सांगायचं ते सुचेना. तेवढ्यात आबा दूध घेऊन आले आणि आम्ही दोघींनी मोठ्या आशेने त्यांच्याकडे तोंड वळवलं. "माले मधमा घालू नका!" म्हणत ते कधी नव्हे ते झपाझप चालते झाले.

"बकरी कुठाय?" शेवटी माझ्या तोंडून निघालं.

"तिले घरमा बांधेल शे," अक्का सरळ माझ्याकडे बघून म्हणाली. "ती संगे ऱ्हास तंवर तू वांगासंगेच बोलशी."

मग मात्र मला राहवलं नाही. "अक्का, माझं चुकलं गं," म्हटलं, आणि मातीच्या हातांनीच तिचे हात धरले. दोघी रडलो, मग एकमेकींकडे बघून हसलो. मी तिला आत आणून बसवलं. सुरतेचं एवढ्या अचानक कसं ठरलं, असं विचारलं तर म्हणाली, "अचानक कसाले? आखाडमाच ठरेल व्हतं."

आषाढात! म्हणजे आमचं बिनसायच्याही आधी. मला पुन्हा राग आला, माझाच, पण काढला तिच्यावर. "मग तीन महिने सांगितलं का नाहीस मला?"

"तवय तोंडातून निंघनं नही. मंग बकरीले सांगेल व्हतं," अक्का म्हणाली.

आणि सांगितलं होतं तिने, मला आठवलं. अबोल्यातल्या एका सकाळी ती बकरीला सुरतेचं काहीतरी सांगत होती, आणि मी मुद्दाम वांग्यांशी मोठ्याने बोलत होते.