एकेचाळीस नंबरचं घड्याळ

"एकेचाळीस नंबर. हा माणूस जाणार," इंजिनियर माजिद म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला.

स्क्रीनवर मीच बनवलेला रिपोर्ट होता. साठ कामगारांची यादी, आणि सगळ्यात वर लाल रंगात एकेचाळीस नंबर. दोन आठवडे, रोजच्या शिफ्टमध्ये दोनदा, पंचवीस-तीस मिनिटं त्याने घड्याळ हातातून काढलेलं. शेवटच्या रकान्यात शब्द होता ‘व्हायोलेशन’, म्हणजे नियमभंग. तो शब्दही माझाच. रकान्याला काहीतरी नाव द्यायचं होतं, म्हणून दिलं होतं.

माजिदसाहेब आमचे क्लायंट. रियाधच्या अल सुलै भागात त्यांची मोठी गोदामं आहेत. तिथल्या कामगारांसाठी आमच्या छोट्या कंपनीने स्मार्टवॉचचं ॲप बनवलं होतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात माणूस कधी कोसळेल सांगता येत नाही. घड्याळ नाडी आणि हालचाल मोजतं, आणि थकवा वाढला की ‘सावलीत बसा’ असं सांगतं. घड्याळ हातात नसेल तर सगळंच व्यर्थ, म्हणून ते काढण्यावर बंदी.

"कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय. मी सही करणार नाही. एक्झिट देऊ, खलास." एक्झिट म्हणजे कायमचं मायदेशी.

माझे टीम लीड बिजूसर केरळचे. त्यांनी मान डोलावली. "डेटा इज डेटा."

मी एरवी मीटिंगमध्ये बोलत नाही. पण त्या नंबरावर क्लिक केल्यावर माहिती उघडली होती: नाव नझीर, वय एकोणसाठ, फोर्कलिफ्ट ऑपरेटर, जन्मगाव म्हसळा, जिल्हा रायगड. मी श्रीवर्धनच्या बाजूचा. म्हसळ्याऐवजी दुसरं काही असतं तर मी तोंड उघडलं असतं का, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही.

"सर, दोन दिवस मिळतील का? एकदा लॉग बघतो."

"का? तुझं ॲप चुकतं का?"

"नाही... म्हणजे तसं नाही. फक्त खात्री करायची."

माजिदसाहेब म्हणाले, "मंगळवारपर्यंत. बुधवारी कागद जातील."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. तो कातडीवर प्रकाश टाकून नाडी मोजतो. कातडी लागेनाशी झाली की घड्याळाला कळतं, आपल्याला काढलंय. का काढलंय, ते त्याला कळत नाही. ते ॲप लिहिणाऱ्याने ओळखायचं असतं.

आणि मी ओळखलंही होतं, असं मला वाटत होतं. नमाजआधी वुजू करतात, म्हणजे हात, तोंड, पाय धुतात. कातडी कोरडी राहता कामा नये, म्हणून घड्याळ काढावं लागतं. हे मला कुणी शिकवायला नको, मी रोज करतो. म्हणून अजानपासूनची वीस मिनिटं मी नियमातून वगळली होती. डेमोच्या दिवशी यावरच माजिदसाहेबांनी माझी पाठ थोपटली होती. "शाबास. असा विचार बाहेरच्या कंपन्या करत नाहीत."

त्यामुळे एकेचाळीस नंबरला नमाजचं कारण असेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. नमाजची सोय तर आधीच केलेली होती.

मी खोलीवर आलो. आठवड्यातले चार दिवस मी खोलीवरूनच काम करतो. एक टेबल, एक पलंग, खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसतात. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. अब्बांनी आयुष्यभर टेम्पो चालवला. "आता तुला उन्हात जायला नको," असं ते फोनवर समाधानाने सांगतात. मी खरंच उन्हात जात नाही. कुणाकडेच जात नाही. कधीकधी सलग तीन दिवस माझा आवाज फक्त मीटिंगमध्ये निघतो, तोही इंग्रजीत.

लॉगमध्ये दिसलं ते एवढंच. घड्याळ जुहर आणि असरच्या, म्हणजे दुपारच्या दोन नमाजांच्या सुमारास निघतं. पण अजाननंतर पंधरा-अठरा मिनिटांनी. म्हणजे माझी वीस मिनिटं संपत आलेली असताना. आणि परत हातात येतं ते अर्ध्या तासाने. मी स्वतःवर करून पाहिलं. अजान झाली, घड्याळ काढून चार्जरला लावलं, वुजू, नमाज, परत घातलं. चौदा मिनिटं. पुन्हा केलं. तेरा. माझ्याकडून नियम मोडतच नव्हता.

सोमवारी मी अल सुलैला गेलो. ॲप सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि मी तिथे पहिल्यांदा जात होतो. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

जुहरची अजान झाली. साठातले बहुतेक जण नळांकडे गेले. नळ चार. रांग लागली. एक फोर्कलिफ्ट मात्र आतच फिरत होती. तिच्यावरच्या माणसाने उचललेला माल खाली ठेवला, गाडी चार्जिंगच्या जागी नेली, केबल लावली, आणि मग तो रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला. छातीवर नंबर एकेचाळीस. पांढरी दाढी, उंची माझ्याएवढीच.

मी सलाम केला आणि हिंदीत विचारलं, "आप नझीरभाई?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कुठला रे?"

"श्रीवर्धनकडचा."

"मग हिंदी कशाला फाडतोस? आपल्यात बोल की!" ते मोठ्याने हसले. "मी म्हसळ्याचा. चाचा म्हण. नझीरभाई म्हणून मला कुणी हाक मारीत नाही, फक्त दुकानदार मारतो."

रांग पुढे सरकली. त्यांनी घड्याळ काढलं आणि बुटात टाकलं. वुजू केला, चटईवर गेले. घड्याळ बुटातच राहिलं. नमाज झाली, इतर उठले. चाचा डोळे मिटून बोटांवर तस्बीह मोजत बसले, म्हणजे नामस्मरण. उजवा हात चालू, एरवी घड्याळ असतं तो डावा हात गुडघ्यावर स्थिर. सहा-सात मिनिटं. मग उठले, बूट झटकून घड्याळ काढलं, हातात घातलं.

"चाचा, वुजू झाल्यावर घड्याळ लगेच का नाही घालत?"

"ते घड्याळ?" त्यांनी हात झटकला. "ते घालून अल्लाचं नाव घेता येत नाही बाबा."

"म्हणजे?"

"पहिल्या आठवड्यात घातलेला. मी इथंच असा बसलेलो. मध्येच मनगट थरथरायला लागला. मी म्हटलं राहू दे, तस्बीह अर्धी कशी सोडायची? तेवढ्यात तो सुपरवायझर धावत आला आणि बाटलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतला! दुआ मागतोय मी, आणि हा ओरडतोय, चाचा उठो, चाचा उठो!"

शेजारी बूट घालणारा एक जण म्हणाला, "आठवडाभर आम्ही रोज विचारायचो, चाचा, हयात आहात ना?"

"हसा मेल्यांनो," चाचा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू कसला साहेब आहेस?"

काय झालं असणार, ते मला कळलं. माणूस गरम जागेत चार मिनिटं हलला नाही, तर घड्याळ थरथरतं आणि ‘ठीक आहात का?’ विचारतं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही तर सुपरवायझरचा फोन वाजतो. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडत होता. बेशुद्ध पडलेला माणूस वाचेल, या विचाराने मी तो लिहिला होता. शांत बसलेला आणि बेशुद्ध पडलेला, घड्याळाला दोघे सारखेच दिसतात. माझं घड्याळ नमाजच्या वेळी चार्जरवर असायचं, म्हणून मला ते कधी कळलं नाही.

"ते घड्याळाचं काम मी केलंय, चाचा."

"तू केलंस? आपल्या पोरानं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. कौतुक होतं, आणि त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

"तुम्ही तक्रार का नाही केली?"

"कुणाकडं? घड्याळाकडं?" ते फोर्कलिफ्टकडे निघाले. "शुक्रवारी ये खोलीवर. मी सुक्या बोंबलाचा कालवण करतो. एकटाच राहतोस ना? तोंडावर दिसतो."

त्यांना एक्झिट मिळणार आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

ऑफिसात बिजूसरांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "ऐक. अपडेट टाक. तस्बीहचं बघून घे, वेळ वाढव. पण मीटिंगमध्ये बग म्हणायचं नाही. यूजर ट्रेनिंग इश्यू म्हणायचं."

"सर, ट्रेनिंग इश्यू म्हटलं तर चूक त्यांची ठरते. ते जातील."

"आणि बग म्हटलं तर क्लायंट जाईल. तुझा इकामा कुणाच्या कंपनीवर आहे, ते विसरू नकोस."

इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. नोकरी गेली की तोही जातो. सर धमकी देत नव्हते, त्यांचाही इकामा तिथेच होता. मी "हो सर" म्हणालो आणि खोलीवर आलो. कुणाला तरी विचारावंसं वाटलं. अब्बांना फोन लावला. त्यांनी जेवलास का विचारलं, मी हो म्हटलं. पुढे विषय काढता आला नाही.

मंगळवारी माजिदसाहेबांनी विचारलं, "मग? एकेचाळीस?"

मी लिहून नेलेलं वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीत ‘यूजर ट्रेनिंग’ होतं. तिथे मी कागद उलटा ठेवला.

"सर, त्यांची चूक नाही. माझी आहे."

बिजूसरांनी पेन खाली ठेवलं. मी तुटकतुटक सांगत गेलो. नळ चार. फोर्कलिफ्ट लावल्याशिवाय उतरता येत नाही. तस्बीह. पाण्याची बाटली. पाण्याच्या बाटलीवर कुणीही हसलं नाही.

माजिदसाहेबांनी विचारलं, "तू नमाजला घड्याळ काढतोस?"

"हो सर."

"मीसुद्धा." त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. "आणि आपण दोघांनी मिळून हे पास केलं."

मग त्यांनी लॅपटॉप बंद केला. "एकेचाळीसचे कागद थांबतील, मी सही करतो. पण या यादीवर माझा आता विश्वास नाही. बाकीच्यांचं काय खरं? नावं नकोत, नंबर नकोत. कुणाला धोका असेल तेव्हा फक्त तिथल्या सुपरवायझरला कळू दे. मला पूर्ण शिफ्टची एकच बेरीज द्या. यल्ला, चला कामाला."

क्लायंट गेला नाही. माझी नोकरीही राहिली. पण त्यानंतर बिजूसरांनी मला क्लायंटच्या मीटिंगला नेणं बंद केलं. "तू कोड चांगला लिहितोस, तेच कर," एवढंच म्हणाले. आठवड्यात जे काही बोलणं व्हायचं, तेही थांबलं.

शुक्रवारी मी चाचांकडे गेलो नाही. क्लायंटच्या कामगाराकडे जेवलो तर पुढे संशय येईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं. माझ्यामुळे ते जाणार होते, हे ताटावर बसून लपवणं मला जमलं नसतं, आणि सांगणंही जमलं नसतं. पुढच्या महिन्यात काही कामगारांना जेद्दाच्या गोदामात हलवलं. त्यांत चाचा होते का, मला कळायला मार्ग नाही. ॲपमधून नावं आणि नंबर मीच काढून टाकले आहेत. माझ्या स्क्रीनवर आता साठ हिरवे ठिपके असतात, सगळे सारखे.

ॲप शिकणारी मुलं मला कधीकधी टिप्स विचारतात. मी फार मोठा डेव्हलपर नाही, पण एक सांगू शकतो. घड्याळाचं ॲप स्वतःच्या मनगटावर चाललं म्हणजे ते फक्त तुमच्यासारख्या माणसासाठी चाललं. रिलीजच्या आधी ते वेगळ्या कामाच्या माणसांच्या हातावर आठवडाभर राहू द्या. ती माणसं ओळखीची नसतील, तर आधी ओळख करून घ्या. ते काम दोन महिने उशिरा केलं, तर बग सापडतो, माणूस सापडेलच असं नाही.