स्प्रे मारायचा की टब टाकायचा?

दुकानात रिकामे डबे, फाटके मास्क आणि गिऱ्हाइकांची विसरलेली हेल्मेटं साठत जातात, तसे किस्सेही साठतात. डबे निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून मग ते आल्यागेल्याला चहाबरोबर वाटावे लागतात.

आमचं दुकान अलिबाग-रेवस रस्त्यावर आहे. काम एकच, पिकअपच्या हौद्याला अस्तर लावायचं. मागे माल भरायचा तो हौदा गंजू नये, त्याला पोचे पडू नयेत, म्हणून. यात प्रकार दोन. एक स्प्रे. पत्रा घासून त्यावर जाड काळं कोटिंग मारायचं. ते कायमचं चिकटतं आणि वरून खरखरीत असतं. दुसरा टब. हौद्याच्या मापाचा तयार प्लास्टिकचा टब आत बसवायचा, बोल्ट आवळायचे, झालं. पाहिजे तेव्हा काढता येतो, पण गुळगुळीत असतो.

स्प्रे मी मारतो. टब माझा मेहुणा दत्ता विकतो. गिऱ्हाईक फाटकातून आत आलं, की मी त्याचा डावा हात धरतो आणि दत्ता उजवा. माझी बायको एकदा डबा द्यायला आली होती, तेव्हा तिने विचारलं, "तुम्ही दोघं एकाच दुकानात बसता की समोरासमोरच्या?"

*

अशात एके दिवशी हिरामावशी आली. रेवसची, मासळी विकणारी. तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या टेम्पोतून मासळी अलिबागच्या बाजारात आणली. टेम्पोवाला टोपल्या आणि बायका दोन्ही मागेच भरायचा. एका टेम्पोचा तळ बर्फाच्या खाऱ्या पाण्याने इतका गंजला होता, की बसल्याजागी खालचा रस्ता पळताना दिसायचा, असं ती सांगते. आता सुनेने लायसन्स काढलं होतं आणि घरात पहिल्यांदाच स्वतःची पिकअप आली होती.

"माज्या जन्मात ही येकच गाडी व्हनार," ती म्हणाली. "चुकून चालाचा न्हाय."

आम्ही दोघांनी एकदम तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"गुन तं सगलेच सांगतान. मना दोष सांगा."

एवढं बोलून ती खुर्चीवर बसली. त्या दिवसापासून बाजार आटोपला की ती दुकानात यायची, चहा घ्यायची आणि एका गिऱ्हाइकाची फजिती ऐकून जायची. आम्हाला तर पर्वणीच! स्प्रेचे दोष दत्ता सांगणार, टबाचे मी. रेवसच्या बाकीच्या बायका मावशीकडे बघूनच आपापल्या घरी ठरवणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

*

पहिला मान दत्ताने घेतला आणि मंगेशचा किस्सा काढला.

मंगेश विटा, वाळू वाहतो. नव्या गाडीला त्याने माझ्याकडून स्प्रे मारून घेतला. मी बजावलं होतं, की उद्यापर्यंत हौद्याला बोट लावायचं नाही. पण मुहूर्त आजचाच होता. मी जेवायला घरी गेलो आणि मंगेशची आई ताट घेऊन आली. तिने हौद्यात हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूची फुलं ठेवली आणि मधोमध एक अगरबत्ती खोचली. ओल्या कोटिंगमध्ये ती इतकी छान उभी राहिली, की माऊलीने कौतुकाने आणखी दोन खोचल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं दगडासारखं घट्ट! फुलं पुढे उन्हाने गेली. अक्षता आणि अगरबत्तीच्या काड्या आजही जागेवर आहेत. मंगेश कानस घेऊन काड्या घासायला निघाला, तर आई आडवी आली. पूजा मांडलेली जागा आहे, म्हणे, इथे चप्पल चालणार नाही.

तेव्हापासून मंगेश चप्पल काढून विटा भरतो.

हिरामावशी पदर तोंडावर धरून हसली. मी म्हटलं, यात स्प्रेचा काय दोष? उलट किती घट्ट धरतो बघा! ती चहा संपवून गेली.

*

दुसऱ्या खेपेला माझी पाळी. मी प्रशांतच्या हळदीचा किस्सा सांगितला.

प्रशांतने दत्ताकडून टब घेतला आणि आठच दिवसांत त्याच्या धाकट्या भावाची हळद आली. आमच्याकडची हळद म्हणजे अख्खं गाव नाचणार. कोल्ड्रिंकच्या बाटल्या गार कशात करायच्या? कोणाचं तरी डोकं चाललं आणि त्यांनी गाडीतला टब उचकटून अंगणात ठेवला. टबाची मागची बाजू उघडीच असते. तिथे फळी लावली आणि फटीत चिखल थापला, खाडीचं पाणी अडवायला शेताला बांध घालतात तसा! वरून बर्फ ओतला. पाण्याचा थेंब बाहेर आला नाही.

ते बघून शेजारच्या गावच्या नवरदेवाने टब मागितला. तिथून तो त्याच्या मावसभावाकडे गेला. एप्रिल गेला, मे निम्मा सरला. प्रशांत दुकानात आला आणि म्हणाला, दुसरा टब द्या.

"पहिल्याचं काय झालं?" मी विचारलं.

"त्याच्या तारखा लागल्यात," तो म्हणाला. "रिकामा होईपर्यंत आमची गाडी उघडी."

दत्ताने हा किस्सा आपलीच जाहिरात समजून मान डोलावली. मावशीने एवढंच विचारलं, की टब उचलायला माणसं किती लागतात. दोन, दत्ता म्हणाला. दोन बाया पुरतील का, तिने विचारलं. पुरतील, तो म्हणाला. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

*

चौलच्या नानांचा किस्सा आम्ही दोघांनी मिळून सांगितला, कारण त्यात आमचं दोघांचंही नुकसान झालं होतं.

नानांची सुपारीची वाडी. तीन महिने ते येत होते. सकाळी स्प्रे ठरायचा आणि संध्याकाळी फोन यायचा, की टबच बरा. शेवटी कंटाळून त्यांनी ग्रामदेवीला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेलं उजवीकडचं फूल पडलं तर स्प्रे, डावीकडचं पडलं तर टब. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, स्प्रे आणि टब दोन्ही नावं नीट उच्चारून.

दोन्ही फुलं एकदम पडली.

पुन्हा कौल लावला. आता दुपार टळली तरी एकही पडेना. नाना उभ्याने घामाघूम. गुरव घड्याळाकडे बघत म्हणाला, "नाना, मला वाटतं देवी म्हणतेय गाडीच विका."

नानांनी गाडी विकली नाही, पण त्या दिवसापासून हौद्यात गोणपाट अंथरतात. गोणपाटाला देवीने अजून हरकत घेतलेली नाही, असं ते सगळ्यांना सांगतात.

*

मग तो दिवस उजाडला, ज्या दिवशी मला वाटलं आपण जिंकलो.

मी मावशीला सांगत होतो, की टबाचा मोठा दोष म्हणजे घसरण. काही म्हणता काही जागेवर राहत नाही. दत्ताला राग आला. उगाच बदनामी करू नका भाऊजी, म्हणाला, मी स्वतः आत बसून दाखवतो! आणि टब बसवलेल्या आमच्या जुन्या पिकअपमध्ये चढून ऐटीत मांडी घालून बसला.

मी गाडी मागच्या मैदानात काढली. हळूच हं, अगदी हळू. गिअर टाकला, तसा दत्ता मागच्या फळीला जाऊन लागला. ब्रेक दाबला, तर माझ्या पाठीमागच्या काचेवर त्याचा गाल! डावीकडे वळलो तर तो उजव्या आरशात, उजवीकडे वळलो तर डाव्या आरशात. मांडी मात्र पठ्ठ्याने सोडली नाही. दोन चकरा झाल्यावर मावशीनेच गाडी थांबवायला लावली, कारण हसून हसून तिला ठसका लागला होता.

"म्हंजे मानूस यात बसूच शकत न्हाय काय?" तिने डोळे पुसत विचारलं.

"अजिबात नाही मावशी! हाच तर दोष!"

दत्ता गाल चोळत खाली उतरला. मी मात्र मनातल्या मनात स्प्रेचे डबे मोजायला लागलो.

*

शेवटचा किस्सा बंगलेवाल्या साहेबांचा. त्यांची पिकअप एवढी मोठी, की आमच्या फाटकातून आरसे मिटून आत घ्यावी लागली. मागे काय नेता, मी विचारलं. तर म्हणाले, ब्रूनो. ब्रूनो म्हणजे त्यांचा कुत्रा.

स्प्रे मारला. आठवड्याने परत आले, कारण खरखरीमुळे ब्रूनोचे पंजे सोलवटले होते. मग दत्ताने त्यावर टब बसवला. ब्रूनो एकदा घसरला आणि नंतर त्याने गाडीत चढायलाच नकार दिला. टबावर गालिचा टाकला, तर तो त्याने खाल्ला.

"आता कुठं बसतो मग?" मावशीने विचारलं.

"आता पुढे," मी म्हटलं. "साहेबांच्या शेजारी. एसीत. त्याला सीटबेल्टसुद्धा लावतात!"

दत्ता हसला, मी हसलो. मावशीही हसली, पण जरा उशिराने. तिने कप खाली ठेवला आणि उद्या गाडी घेऊन येते म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सून गाडी चालवत आली. पुढेच शेजारी मावशी आणि तिच्याबरोबर बाजारात बसणारी ताराबाय. मी स्प्रेची गन धुऊन, पुसून तयार ठेवली होती.

"टब टाक," मावशी दत्ताला म्हणाली.

दत्तालाच खरं वाटेना. मी पुढे झालो. टबाखाली खारं पाणी साचेल, पत्रा कुजेल, असं परत परत सांगितलं. ती म्हणाली, दर सोमवारी मी आणि सून टब काढू, खालचा पत्रा गोड्या पाण्याने धुऊ, पुसू आणि परत बसवू. तीस वर्षं टोपल्या उचलल्या, हा टब काय जड आहे!  मग मी हुकमाचं पान काढलं.

"अहो मावशी, बाजाराला तुमच्याबरोबर चार-पाच बायका असतात. त्या मागे बसणार कशा? दत्ताचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत!"

"बगितला. मनूनच घेतलाय." ती हौद्याच्या फळीवर हात ठेवून उभी होती. "तीस वर्सा आमाला म्हावऱ्यासंगती मागं बसवला. पुढं वास मारतो, म्हनत. आता माजी गाडी हाय. हिच्यात मागं कोनाला बसताच येता कामा न्हाय."

"पण पुढे तर सून धरून तीनच जणी मावतात. बाकीच्या?"

"दोन खेपा करीन."