दोनतुकडे आणि घंटा वाजवणारं पिल्लू

गल्लीत त्याला माघारी दोनतुकडे म्हणत. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. तीस वर्षं खाटकाचा धंदा केलेला माणूस. हाड कितीही जाड असो, सत्तूर दुसऱ्यांदा उचलावा लागत नसे. दुकानात त्या हाताला शिस्त होती. गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, तोंडातून वाकडा शब्द निघायचा नाही. माडीवर घरात मात्र तोच हात मोकाट सुटे. ताट भिंतीवर, खुर्ची जिन्यावरून खाली, आणि बायकोच्या पाठीत तर ऊठसूट. गेल्या वर्षी जेवताना काहीतरी बोलणं झालं आणि त्याने तिचं मनगट असं पिरगाळलं की हाड मोडल्याचा आवाज झाला. हाडाचा आवाज ओळखण्यात तो कधी चुकत नसे. मनगट गेलं हे तिच्याआधी त्याला कळलं, तरी त्याने आणखी एक हिसका दिलाच. प्लास्टर घातल्यावर ती दवाखान्यातून परस्पर मुलीकडे गेली, ती गेलीच.

कशावरून झालं, असं कोणी विचारलं तर तो म्हणे, "काहीतरी झालं. आता आठवतंय कोणाला."

आठ महिने हाताने रांधून खाल्ल्यावर त्याची रग जिरली. निदान त्याला तसं वाटलं. आईला पाठव, मी बदललोय, असे मुलीकडे निरोपावर निरोप सुरू झाले. मुलगी बापाच्याच वळणावर गेलेली, फटकळ. एका सकाळी ती कुत्र्याचं दोन महिन्यांचं तपकिरी पिल्लू काखोटीला मारून आली.

"हे तीन महिने सांभाळा, बाबा. एकदाही हात उचलायचा नाही. मग आई येईल, बघेल, आणि काय ते ठरवेल."

"आणि मी मारलंच, तर तुम्हाला कसं कळणार?"

"तिला कळेल," मुलगी म्हणाली.

तिने दाराच्या कडीला दोरीने एक छोटी घंटा टांगली, पिल्लाच्या नाकाला लागेल अशी. घंटा वाजली की शी-शूला खाली न्यायचं, एका जागी पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, झालं तर शाबासकी द्यायची, नाही तर सरळ वर आणायचं. एवढं साधं. पण खाटकाने शाबासकी कसली द्यावी, तर कलेजीची. आणि तीही झालं न झालं न बघता, प्रत्येक फेरीला. पिल्लू काही वेडं नव्हतं. आठवड्याभरात घंटा दिवसाला चाळीसदा वाजू लागली. हा खाली बकरा सोलतोय, कोपरापर्यंत रक्त, आणि वर घणघण. हात धुवा, जिना चढा, पिल्लू उचला, खाली उतरा. पिल्लू गल्लीतल्या खांबाजवळ बसून त्याच्या खिशाकडे बघत राही. वर आणून दार लावलं, की पुन्हा घणघण.

त्याचे हात शिवशिवत. भिंतीवर ठोसे मारून बोटांची सालं निघाली. एकदा तर त्याने स्वतःचा तळहात रक्त येईपर्यंत चावला. ते पिल्लू भिंतीवर आपटलं तर किती वेळ लागेल, याचा हिशोब त्याच्या डोक्यात तयार असे. पाप ते पापच, पण ते मनात येई हे खरं.

नवव्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. घंटा वाजली, थांबली, परत वाजली. तळपायाची आग मस्तकात गेली आणि तो हातातल्या सत्तुरासकट जिना चढला. लाथेने दार उघडलं. पिल्लू शेपूट हलवत पुढे आलं. सत्तूर खाली आला तो चौकटीत, पिल्लाच्या कानापासून वीतभर अंतरावर. लाकडाची ढलपी उडाली, घंटा दोरीसकट तुटून खाली पडली. पिल्लू जागच्या जागी मुतलं आणि पलंगाखाली शिरलं.

त्याने दोरी परत बांधली, पण घंटा काही वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही आणि तिसऱ्याही. पिल्लू कोपऱ्यात गुपचूप घाण करी आणि त्याची पावलं ऐकली की पलंगाखाली जाई. घरात सगळं शांत झालं. ही शांतता त्याच्या चांगल्या ओळखीची होती. बायकोही शेवटची काही वर्षं काहीच मागत नसे, आणि तो चारचौघांत सांगे की आमच्या घरात कटकट नाही. त्याला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांची भीती वाटली.

दुपारी दुकान बंद करून तो जमिनीवर, पलंगाशेजारी बसू लागला. तळवे वर करून, नुसता. चौदाव्या दिवशी पिल्लाने बोट चाटलं. तिथून पुढे तो खांबासारखा उभा राहायला शिकला. कलेजी फक्त काम झाल्यावर. चाळीसाच्या वीस झाल्या, विसाच्या सहा. राग येई तेव्हा तो सत्तूर ओंडक्यात रुतवून ठेवी आणि मोकळ्या हातांनी वर जाई.

तीन महिन्यांनी बायको आली. मुलगी दारातच थांबली. बायको पिल्लासमोर उकिडवी बसली आणि तिने एकदम हात उगारला, थोबाडीत मारतात तसा. पिल्लाने मान वर करून हात हुंगला. जरासुद्धा दचकलं नाही. तिने पुन्हा उगारला. पिल्लू शेपूट हलवत राहिलं.

त्याची छाती फुगली. "बघितलंस? सुरुवातीला दिवसातून चाळीस वेळा बाहेर न्या म्हणून मागायचं. चाळीस! एकदाही बोट लावलं नाही."

ती उठली. तिला आधार द्यायला त्याने हात पुढे केला, तशी ती कोपर डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटली. मग तिचं तिलाच कळलं आणि तिने हात खाली केला. मोडलेलं मनगट अजून नीट वळत नव्हतं.

"म्हणजे जमत होतं तुम्हाला," ती म्हणाली.

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"त्या दिवशी तुम्ही जेवत होतात. आई आजारी आहे, जाऊन येऊ का, एवढंच विचारलं होतं मी. तीनदा."

तिने चपला घातल्या आणि मुलीच्या मागे जिना उतरून गेली.