सपरीच्या भिंतीतली बाई

वर्ष संपलं की लोक कॅलेंडर काढून टाकतात. कोणी पोरांच्या पुस्तकांना त्याचं कव्हर घालतं, कोणी धानाच्या कोठीच्या तळाशी अंथरतं. देवाचं असलं तर पायाखाली येऊ नये म्हणून तलावात सोडून येतात. मी मात्र चित्र कापून ठेवते. लग्न झालं तेव्हापासून ठेवते आहे. पलंगाखाली माझी लग्नातली पत्र्याची पेटी आहे. तिच्यातल्या साड्या हळूहळू कपाटात गेल्या आणि पेटीत चित्रं आली.

देवांची चित्रं मी घेत नाही. देव घरात आणला की त्याला दिवा लावावा लागतो, त्याला पेटीत कोंडता येत नाही. मी बाकीची घेते. टोपलीत बसलेलं बाळ, कमळाच्या तळ्यातली नाव, मोरापाशी उभी असलेली पोरगी, बर्फाचे डोंगर. कोणतं सराफाचं, कोणतं कापडवाल्याचं, कोणतं राइस मिलचं. खाली दुकानाचं नाव असतं ते कापत नाही. ते वाचलं की चित्र कुठून आलं ते आठवतं.

पण मागायची मला फार लाज वाटते. जानेवारीत अड्याळच्या बाजारात मी किराणा दुकानात जाते, गरज नसताना जिरं घेते आणि उभी राहते. दुकानदाराने आपणहून गुंडाळी पुढे केली तर घेते. नाही केली तर जिरं घेऊन परत येते. घरी मिरचीपेक्षा जिरं जास्त आहे. आमचे हे म्हणतात, "तोंड उघडाले पैसे पडतात का वो तुले?"

मागच्या थंडीत माझी मुलगी कॉलेजातून आली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "आई, हे पाय. तुयासारखे येडे तिकडेबी आहेत."

मेक्सिको नावाचा देश आहे म्हणाली. तिथेही दुकानदार गिऱ्हाइकांना फुकट कॅलेंडरं वाटत, आणि आता लोक ती जुनी चित्रं शोधून शोधून जमवतात. तिने एकेक चित्र सरकवून दाखवलं. मक्याची कणसं कडेवर घेतलेली बाई, दोन जाड वेण्या, लाल रिबिनी. फुलांच्या नावेत बसलेली बाई. मग एक आलं ते मी तिला सरकवू दिलं नाही. एक बाई पाण्याकाठी खाली वाकून घागर भरते आहे आणि तिच्यामागे निळा डोंगर, माथ्यावर पांढरा.

"काय झालं?" मुलगी म्हणाली.

"ही आपल्या दिघोरीच्या घरी आहे," मी म्हणाले.

ती हसली. मेक्सिकोची बाई दिघोरीत कुठून येणार? ती नव्हतीच. पण तशीच एक बाई माझ्या माहेरी सपरीच्या भिंतीवर होती. सपरी म्हणजे आमच्याकडची पुढची पडवी. कोणत्या तरी कापड दुकानाचं कॅलेंडर बाबांनी आणलं होतं. वर्ष संपल्यावर मायने खालचे तारखांचे कागद काढले आणि पेजेची खळ करून चित्र मातीच्या भिंतीला चिकटवलं. लाल लुगड्यातली बाई तळ्यावर घागर बुडवते आहे, शेजारी पांढरं हरीण पाणी पितं आहे आणि मागे तोच डोंगर. बर्फ मी कधी पाहिला नव्हता. मला वाटायचं डोंगरावर कोणीतरी भाताचं पातेलं उलटं केलं आहे. हरणाचा मला राग यायचा, की वर एवढा भात असताना हे नुसतं पाणी पितं.

पेटीतली सगळी चित्रं मी तिच्याच आठवणीने जमवत आले, हे मला त्या दिवशी मोबाइल पाहताना कळलं.

महिनाभरात दादाचा फोन आला. दादा माझा मोठा भाऊ, मला बाई म्हणतो. मायबाप गेले, आता दादा आणि वहिनी त्या घरात राहतात. दादा म्हणाला, "बाई, घरकुल मंजूर झालं. होळी झाली का जुनं घर पाडून टाकतो."

 चित्र पाहिजे असं म्हणायला जीभ वळेना. पोरगी कॉलेजात जाते अशा बाईने चित्र काय मागायचं? भिंत तरी थांबली की पुढचं समोर जाऊन सांगू, असं मनात आलं आणि मी म्हणाले, "दादा, सपरीची भिंत पाडू नोको. ते मले पायजे."

"भिंत?"

"हो."

 मग "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

मला वाटलं काम झालं. चार दिवसांनी हे शेतातून आले ते चप्पल न काढता दारातच उभे राहिले. "तू दादाले भिंत मांगतली?"

"हो."

"त्याचा फोन आलता मले. म्हणे, भाऊजी, बाईले हिस्सा पायजे असन त सरळ सांगा, भिंतीपासून कायले सुरू करता? वहिनी दोन दिसापासून जेवली नाई म्हणे."

मी खालीच बसले. आमच्याकडे लग्न झालेली बहीण माहेरच्या घराचं, वावराचं काही मागत नाही. साडीचोळी घेते आणि भावाचं घर भरलेलं राहो म्हणते. मागायचा हक्क कायद्याने आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मागितलं की माहेर तुटतं हेही ठाऊक आहे. आमच्याच गावातल्या दोघी बहिणी राखीला भावाच्या घरी न जाता बसस्टॉपवरून परत आलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि मी तर सरळ घराची भिंत मागून बसले होते.

"फोन लावून सांग त्याले," हे म्हणाले.

"फोनवर मले नाई जमत."

"त मंग?"

"मले घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर निघालो. वाटभर मी मनात वाक्य जुळवत होते. दादा, मला हिस्सा नको. मला ते चित्र पाहिजे. वाक्य एवढंच होतं, पण प्रत्येक गावाचा फाटा आला की ते विसरून जायचं.

वहिनीने पाय धुवायला पाणी दिलं, पण नेहमीसारखं "आल्या का आमच्या कलेक्टरीनबाई" म्हणून चिडवलं नाही. मग चहा आला. कपबशीत आला. माझ्या माहेरी कपबशी पाहुण्यांसाठी असते. मी तिथे जन्मभर स्टीलच्या गिलासात चहा प्याले आहे, पदरात धरून. ती कपबशी हातात घेतली आणि सगळं जुळवलेलं वाक्य गेलं. दादा खाटेवर बसून तंबाखू मळत होता. मळून झाली तरी मळत होता.

आमचे हे माझ्याकडे पाहत होते. त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं, आणि ते बोलणार नाहीत हेही कळत होतं.

मी कप खाली ठेवला, उठले आणि सपरीच्या भिंतीपाशी गेले.

चित्रातली बाई होती. तिचं लाल लुगडं आता विटकरी झालं होतं, डोंगराचा निळा उडाला होता. पण मी पाहत राहिले ते वेगळंच. चित्र भिंतीच्या आत गेलं होतं. दर दिवाळीला मातीची भिंत नव्याने लिपतात, वर पांढऱ्या मातीचा हात देतात. इतक्या वर्षांत वहिनीने एकदाही चित्रावर हात फिरू दिला नव्हता. चहूबाजूंनी लिपत आली होती. थरावर थर चढून भिंत पुढे सरकली आणि बाई कोनाड्यात बसल्यासारखी मागे राहिली. काठ बोटाने गोल केलेला होता, पोळीचा काठ करतात तसा.

मी चित्राला हात लावला आणि म्हणाले, "हे पायजे होतं."

"काय पायजे होतं?" वहिनी मागून म्हणाली.

"हे बाई."

 मग वहिनी खाली बसली आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. "अवो माय! आमी इकडे वकील पाहून राहिलो अन् तुमाले पाणी भरणारी पायजे?"

"वकील कोण पायते? मी नाई पायला," दादा म्हणाला.

"तुमी नाई, मी पायला. तुमच्याच्यानं काय होते?" मग माझ्याकडे वळून, "बाई, तोंडात काय धान भरलं होतं तुमच्या? चित्र पायजे म्हणाले काय होते?"

"लाज वाटली," मी म्हणाले.

"चित्र मांगाची लाज वाटली, भिंत मांगाची नाई वाटली!"

आता हेही हसले. दादाने तंबाखू एकदाची तोंडात टाकली. तो बाहेर जाऊन उगाच गाईला वैरण टाकून आला.

वहिनीचं हसू मात्र लवकर थांबलं. ती भिंतीजवळ आली आणि काठावरून बोट फिरवत म्हणाली, "मी नवी आली तवा घरात बोलाले कोणी नोयतं. सासरे कडक, सासू अन् हे दिवसभर धानाच्या बांधीत. मी इच्यासंगच बोलो. काय वो बाई, भरली का घागर? एवढा वेळ कायले लागते? सासू वाट पायत असन ना घरी."

हे मला माहीतच नव्हतं. मी ज्या घरातून निघून आले त्या घरात ती आली आणि त्याच बाईशी बोलत बसली. मागायला आले ते तिचंही होतं, आणि माझ्यापेक्षा जास्त वर्षं तिचं होतं. मी म्हणाले, "वहिनी, राहू द्या मंग. तुमीच ठेवा नव्या घरात."

"सिमिटाच्या भिंतीले काय लिपतात?" ती म्हणाली. "अन् तुमी एवढं भांडून मांगतलं. न्या."

पहिल्यांदा मी ओल्या फडक्याने कोपरा सोडवून पाहिला. हरणाचा एक खूर फडक्याला लागून आला. वहिनीने माझा हात धरला. "कागद नाई निघत. माती काढा लागन."

मग ती खुरपी घेऊन आली. चित्राच्या चारी बाजूंनी तिने खाच पाडली, सावकाश, भाकरीच्या कडेने उलथणं फिरवावं तशी. दादा बाहेरच्या अंगाने सब्बल, म्हणजे पहार, लावून माती मोकळी करत होता. वहिनी आतून ओरडायची, "हळू! विहीर नाई खोदून राहिले तुमी." ह्यांनी खाली पाट धरला होता. माती कोसळेल असं मला वाटत होतं, पण बाबांनी भिंतीच्या चिखलात तणस, म्हणजे धानाचं काड, तुडवली होती, तिने सगळं धरून ठेवलं. शेवटी एक जाड चौकोनी ढेप पाटावर आली, चित्र वर. बाजूने पाहिलं तर थर दिसत होते, वरचे पातळ, गुळगुळीत, वहिनीचे. अगदी आतला थर जाडा, कोपऱ्यात वरचे निखळले होते तिथे त्यावर चार बोटांचे ओढलेले वळ. मायचा हात तसाच चालायचा. मी तिथे बोटं ठेवून पाहिली. वहिनीने पाहिलं, आत गेली आणि चहा करून आणला. या वेळी गिलासात.

वहिनीने आपल्या जुन्या लुगड्यात ढेप गुंडाळून दिली. मोटरसायकलवर ती मी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी उराशी धरून. हे एवढे हळू चालवत होते की सायकली पुढे जात होत्या. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. तिथली म्हातारी माझ्याकडे पाहून म्हणाली, "झोपलं का लेकरू? बाळंत होऊन किती दिस झाले?"

 हे गंभीर तोंडाने म्हणाले, "लेकरू नाई, माय. सासुरवाडीची भिंत आहे."

म्हातारी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिली. मी लुगड्यात तोंड घालून हसले. असं बाहेर, लोकांसमोर हसल्याचं मला आठवत नाही.

घरी ह्यांनी सागाच्या फळ्यांची चौकट केली आणि बाई आमच्या पुढच्या खोलीत टेकवून ठेवली. दिघोरीचं जुनं घर होळीनंतर पडलं. मी पाहायला गेले नाही.

दिवाळीच्या आधी एके दिवशी दुपारी दारात वहिनी उभी. हातात पिशवी, पिशवीत पांढरी माती. "आमच्या नव्या घराले काई काम नाई. हात खाजवते माहा," म्हणाली. लग्नापासून ती माझ्याकडे एका बारशाला आणि एका तेरवीला आली होती, आपणहून कधी नाही.

तिने माती भिजवली, पदर खोचला आणि चौकटीच्या आतून काठ लिपायला बसली. मी पलंगाखालची पेटी ओढली आणि तिच्यापुढे उघडली. पेटी मी कोणाला दाखवत नाही, मुलीलाही माझ्या मागे उभं राहून पाहावी लागते. "तुमच्या भिंतीसाठी एक घ्या," मी म्हणाले. कमळाची नाव वर ठेवली होती, मोरवाली पोरगी ठेवली होती. वहिनीने चिखलाचे हात वर धरून, मला एकेक उलटायला लावून सगळी पाहिली आणि कृषी केंद्राचं एक निवडलं. त्याच्यावर नुसती मोठी फुलकोबी आहे. ते मी कशाला ठेवलं होतं तेही मला आठवत नाही.

"हे?" मी म्हणाले.

"हेच. बायकांची चित्रं तुमच्याकडे राहू द्या. त्या मंग बोलाले लावतात, काम राहून जाते."

आणि ती परत वळली, हरणाच्या तुटक्या खुरापाशी बोट अलगद फिरवलं आणि चित्रातल्या बाईला म्हणाली, "काय वो, गाव बदललं तरी तुयी घागर भरलीच नाई का?"