साखळीतला दुसरा हात

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते उगाच नाही. गेणभाऊ गेले आणि तिसऱ्या दिवशी मंचरच्या चौकात फ्लेक्स लागला. 'कबड्डीमहर्षी गेणभाऊ यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली गेणभाऊंचा फोटो तळहाताएवढा, तोही कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून घेतलेला, खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा हात राहून गेलेला. वर हात जोडलेला बाळासाहेब शेठ मात्र दारातून आत मावणार नाही एवढा. मी कंपनीच्या टेम्पोत बसून तो फ्लेक्स बघितला आणि डोक्यात सणक गेली. ज्याने सहा वर्षांपूर्वी या माणसाला भर दुपारी जिना उतरायला लावलं, तोच आता त्याला महर्षी करत होता.

शेठला मी समोर अहो-जाहो करतो. माझा मालक आहे तो. इथे करणार नाही.

बाळासाहेब शेठची पाइपची कंपनी मंचरच्या अलीकडे, हायवेला लागून. नव्वद-एक्याण्णव साली त्याच्या डोक्यात आलं, की शेतकऱ्याला पाइप विकायचा तर शेतकरी जमतो तिथे आपलं नाव दिसलं पाहिजे. शेतकरी जमतो जत्रेत, आणि जत्रेत कबड्डी असतेच. म्हणून त्याने बारा गड्यांचा संघ ठेवला. छातीवर कंपनीचं नाव, सकाळी मैदान, दुपारी गोडाऊनला पाइप मोजायचं काम. करार अकरा महिन्यांचा. मे महिन्यात सगळे घरी, आणि त्याच महिन्यात ठरायचं की कोणाला मुदतवाढ आणि कोणाला नारळ. तिसऱ्यांदा मुदतवाढ मिळाली की माणूस कंपनीत कायम. या तिसऱ्या मुदतवाढीसाठी आम्ही गुडघे फोडून घ्यायचो.

ही यादी करायचे गेणभाऊ. मूळचे निमगाव साव्याचे. डोक्यावर टोपी, अंगात पैरण, पुढचे दोन दात कोणाच्या तरी टाचेने गेलेले आणि डाव्या करंगळीचं पेर कायमचं वाकडं. गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी असायची, पण ती त्यांनी वाजवलेली मी कधी ऐकली नाही. ते टाळी वाजवायचे. एक टाळी म्हणजे थांबा, दोन म्हणजे पुन्हा करा, आणि तीन वाजल्या की समजायचं, आज आपली धडगत नाही. शाळा दुसरीपर्यंत. सही तेवढी यायची, तीही सावकाश.

यादी करायची त्यांची रीत जगावेगळी होती. हंगामातली शेवटची स्पर्धा संपली की ते विरोधी संघांच्या राहुटीत जाऊन बसायचे. पुण्याचे, सांगलीचे, मुंबईचे गडी. चहा मागवायचे, गप्पा मारायचे आणि मग हळूच विचारायचे, "पावणं, खरं सांगा. पुढच्या साली आमच्यातला कंचा गडी मैदानात नसावा असं वाटतं तुमाला?"

ते गडी हसायचे, पण सांगायचे. ज्याला मार बसलाय त्याला मारणारा बरोबर माहीत असतो. चार-पाच ठिकाणी जे नाव निघेल ते गेणभाऊंच्या यादीत वर. बाकी काही बघायचे नाहीत. आपल्या गावचा, आपल्या भावकीचा, आपल्या जातीचा, कसलं म्हणजे कसलं नाही. एका साली सख्ख्या मेहुण्याच्या पोराला घरी पाठवलं आणि वर्षभर त्याच्या घरचं पाणी बंद करून घेतलं.

आणि गंमत अशी, की स्वतः गेणभाऊही अकराच महिन्यांवर. बारा वर्षं. त्यांची बायको प्रयागबाई आम्हा पोरांना जेवायला वाढताना म्हणायची, "हे लोकांच्या पोरांना कायम करत्यात आन् आपण दर साली मे महिन्यात माज्या उरावर." गेणभाऊ खाली मान घालून जेवायचे. त्यांनी शेठकडे स्वतःसाठी शब्द टाकला नाही. ज्याच्या हातात यादी त्याने मागू नये, असं म्हणायचे. मला हे तेव्हा मोठेपण वाटायचं. आता वाटतं, मागायला हवं होतं. कायम असते तर त्या दिवशी त्यांना कोणी हलवू शकलं नसतं.

मी सयाजी. संघाचा उजवा कोपरा, शेवटची दोन वर्षं कप्तानही. माझ्या शेजारी खेळायचा कपिल, अवसरी बुद्रुकचा. त्याचे वडील भागुजी गवंडीकाम करायचे. घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली कपिलच्या ढाली ओळीने. मंचरला एका दुकानात तो पाण्याच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरायचं काम शिकत होता, ते सोडायला लावून गेणभाऊंनी त्याला संघात आणला होता. त्याच्या आईला, शकुबाईला, घरी जाऊन सांगितलं होतं, "पोरगं कायम व्हईल. माजा सबूद." शब्द दिला होता, हे लक्षात ठेवा.

कोपरा आणि त्याच्या शेजारचा गडी हात धरून उभे राहतात, त्याला साखळी म्हणतात. चढाईला आलेला गडी कोपऱ्यावर आला की मी त्याच्या घोट्यावर झेप घ्यायची आणि कपिलने आडवं येऊन त्याला मधल्या रेघेकडे जाऊ द्यायचं नाही. लोकांना दिसायची ती माझी झेप. पण झेप कधी घ्यायची हे मी ठरवत नव्हतो. कपिल ठरवायचा. तो माझा हात दाबायचा. दाबला की मी सुटलोच, नाही दाबला तर उभा. दीड हाताच्या आत पाय आलाय की नाही हे मला कधीच कळलं नाही. त्याला कळायचं. समोरच्याच्या पायाकडे नाही, खांद्याकडे बघायचा तो.

आणि गुणांच्या कागदावर रेघ ज्याचा हात आधी लागला त्याच्या नावापुढे. म्हणजे माझ्या. मी झेपावून घोटा धरला, कपिल त्या गड्याच्या लाथा छातीवर झेलत खाली दबला, उठलो की टाळ्या मला. मी हात वर करायचो. कपिल धूळ झटकायचा. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. सांगायला लाज वाटते, पण नाही वाटलं.

दोन हजार तीनचा मे. कपिलची आणि माझी, दोघांचीही तिसरी मुदतवाढ एकाच साली आली. शेठने ऑफिसच्या वरच्या खोलीत बैठक घेतली. शेठ, कागद सांभाळणारा क्लार्क आणि गेणभाऊ. कप्तान म्हणून मलाही बोलावलं. कपिल खाली गेटजवळ थांबला होता. त्याने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

शेठ म्हणाला, "यंदा खेळाडूंमधनं एकच माणूस कायम करतोय. सयाजीच्या अडतीस पकडी, त्या पोराच्या पाच. विषय संपला."

"विषय संपत न्हाई शेठ," गेणभाऊ म्हणाले. "एकच करायचा आसंल तर कपिलला करा. मी सहा संघांना इचारून आलोय. साही जण कपिलचं नाव घेत्यात. सयाजीचं एकानं बी घेतलं न्हाई."

मी शेजारी बसलेलो असताना म्हणाले. कानशिलं तापली माझी. शेठ हसला. "गेणभाऊ, दुश्मनाला विचारून कंपनी चालत नाय. आणि त्या पोराचं एवढं काय घेऊन बसलाय? त्यांना काय, कोट्यातनं कुठं बी चिकटवतील. आपल्या माणसाला कोण बघणार?"

हे वाक्य मी तिथे बसून ऐकलं. आपला माणूस म्हणजे मी. कपिलने कोट्यातून काही मागितलेलं नव्हतं. तो छातीवर लाथा खाऊन मागत होता. त्या वेळी मला राग यायला हवा होता. आला नाही. मला बरं वाटलं. आज जो राग येतो ना, तो शेठचा थोडा आणि त्या बरं वाटण्याचा जास्त.

गेणभाऊ उठले. माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझा हात धरला, साखळीत धरतात तसा. शेठला म्हणाले, "हे बघा. कपिल आसं दाबतो, मंग हा उडी टाकतो. कागदावर उडी दिसती, दाबल्यालं दिसत न्हाई." मग माझ्याकडे वळले. "सयाजी, तूच सांग. अडतीस पकडीत तू आपल्या मनानं किती येळा उडी टाकली?"

एकदाही नाही. हे उत्तर होतं, मला पाठ होतं, आणि ते द्यायला लागणार होते दोन शब्द. खोलीत पंखा फिरत होता. क्लार्क कागदावर बोट ठेवून बसला होता. गेणभाऊंचं वाकडं पेर माझ्या तळहातात रुतत होतं.

मी म्हणालो, "कागदावर हाये ते बराबर हाये."

गेणभाऊंनी हात लगेच सोडला नाही. क्षणभर तसाच धरून ठेवला. मला वाटलं आता तीन टाळ्या वाजणार. पण त्यांनी हात सोडला आणि क्लार्कने पुढे सरकवलेल्या यादीवर सही करायला नाही म्हणाले.

शेठचा आवाज चढला. "तुमच्या स्वतःच्या मुदतवाढीवर पण माझी सही अजून व्हायची आहे, माहीत आहे ना?"

"मंग नका करू," गेणभाऊ म्हणाले. गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली, टोपी नीट केली आणि जिना उतरले. खिडकीतून मी बघितलं. गेटजवळ ते कपिलशी बोलत होते. कपिल नुसती मान हलवत होता. मग दोघे उन्हात हायवेकडे चालत गेले, अवसरीच्या रस्त्याने. शकुबाईला शब्द दिला होता, तो मोडला हे सांगायला ते स्वतः तिच्या दारात गेले. मला हे कपिलच्या बायकोने, स्नेहाने, पुढे कधीतरी सांगितलं. म्हणाली, "आत्याबाई त्यांना म्हनल्या, पोराचं काय चुकलं तेवढं सांगा, तर ते उठलेच. चहा तसाच ठेवून गेले."

मी कायम झालो. पुढच्या हंगामात कपिलच्या जागी दुसरा गडी आला. हात धरायचा, पण धरूनच ठेवायचा. मी वर्षभरात तीन पकडी केल्या आणि त्यातल्या दोन वेळा पंच माझ्यावर मेहेरबान होते. कायम माणसाला कोण विचारतं? दोन हजार पाचला शेठने संघच बंद केला आणि त्या पैशात टीव्हीवर जाहिरात दिली. मी डिस्पॅचला बसलो. अजून बसतोय.

कपिल परत मोटारींकडे गेला. मंचरला आता स्वतःचं दुकान आहे, चांगलं चालतं, कोणाच्या कोट्यावाचून. म्हणून झालं ते बरं झालं असं कोणी म्हणालं की मी त्याच्या अंगावर जातो. त्याला खेळायचं होतं. चोविसाव्या वर्षी त्याचा खेळ आम्ही संपवला.

गेणभाऊंचा मला राग येतो तो वेगळाच. नंतर सहा वर्षांत मंचरच्या बाजारात ते मला आठ-दहा वेळा भेटले असतील. एकदाही त्यांनी तोंड फिरवलं नाही. "गुडघा कसा हाय रं?" विचारायचे. शिव्या दिल्या असत्या, चारचौघांत थोबाडीत मारली असती, तर मी मोकळा झालो असतो. त्या माणसाने माझा गुडघा विचारला.

तर दशक्रिया. निमगाव साव्याला नदीकाठी सकाळी साडेसातला. आपल्याकडे दशक्रियेला माणसापेक्षा माइक मोठा असतो. पिंड ठेवलेले, प्रयागबाई एका बाजूला डोक्यावरून पदर घेऊन बसलेली, आणि इकडे पुढारी एकेक करून श्रद्धांजली वाहतायत. मी पायरीवर दाटीत बसलो होतो. कोणीतरी शेजारी टेकलं. कपिल होता. बोटांना मोटारीच्या वार्निशचा वास तसाच.

शेठ बोलला. गेणभाऊंना माणसांची पारख होती म्हणाला. त्यांनी निवडलेला प्रत्येक खेळाडू कंपनीने आपला मानला म्हणाला. माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. मग म्हणाला, "त्यांचा सर्वांत लाडका शिष्य, आमचा कायम कर्मचारी सयाजी, दोन शब्द बोलेल."

दोन शब्द. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि त्या दाटीत, कोणाला दिसणार नाही असा, कपिलचा हात माझ्या हाताला लागला. त्याने तो धरला आणि दाबला. सहा वर्षांनी. ते काय होतं हे त्या घाटावर आम्हा दोघांनाच कळत होतं, आणि तिसरा ज्याला कळलं असतं त्याचे पिंड समोर होते.

मी उठलो. माइक धरला. समोर प्रयागबाई बघत होती. शेठ खुर्चीत मागे रेलून बसला होता. माझ्या तोंडातून निघालं, "गेणभाऊ देवमानूस व्हते. शेठनी त्यांना संधी दिली म्हणून आमी घडलो." आणि मी खाली आलो. दशक्रियेला टाळ्या वाजवत नाहीत, तेवढं बरं.

परत पायरीवर आलो तेव्हा कपिलने सरकून मला जागा करून दिली. कावळा शिवेपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. त्याने दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले होते.